दोष कुणाच्या पदरात?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? तुमच्या नात्यागोत्यात अशी एखादी बाई आहे का, की जिचं नाव निघालं की साऱ्याजणी एका सुरात म्हणतात, "तिनंच घर फोडलं हो!" असणारच. आमच्याकडे आहे. माझी धाकटी जाऊ. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की ते खरं की खोटं हे तपासून पाहावं असं कधी मनातसुद्धा आलं नाही. आलं ते परवा. आणि तेही कशामुळे म्हणाल, तर जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाटकामुळे! हसू नका. सगळं सांगते.

माझी सून लग्नामुळे राहिलेलं एम.ए. आता बाहेरून पुरं करते आहे. दुपारची झाकपाक झाली की ती पुस्तक घेऊन बसते आणि मी मेथी निवडायला नाहीतर लसूण सोलायला घेऊन तिच्याजवळ बसते. एक दिवस म्हणाली, "आई, आज तुम्हाला एक गोष्ट सांगते. सासू आहे, दोन सुना आहेत आणि मोठ्ठं भांडण आहे."

म्हटलं, "सांग की! हे तर आपल्या ओळखीचंच."

नाटकाचं नाव 'ट्रॉयच्या स्त्रिया'. लिहिणारा युरिपिडीस. अथेन्स शहरात इ.स.पूर्व ४१५ मध्ये नाटकांच्या स्पर्धेत ते झालं आणि तिथं त्याला दुसरा क्रमांक मिळाला. मागची हकीगत थोडक्यात अशी. ट्रॉयचा राजा प्रायम, राणी हेक्युबा. त्यांचा एक मुलगा पॅरिस. हा स्पार्टाच्या राजाकडे, मेनेलेअसकडे, पाहुणा म्हणून गेला आणि परत येताना त्याची बायको हेलन हिलाच घेऊन आला. त्यानं पळवून आणली, की ती आपण होऊन आली? इथंच तर घोडं पेंड खातं! मग मेनेलेअसचा भाऊ ॲगमेम्नॉन सगळ्या ग्रीक राजांचं सैन्य घेऊन ट्रॉयवर चालून गेला. दहा वर्षं युद्ध चाललं. शेवटी लाकडी घोड्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक शहरात शिरले. पुरुष कापून काढले, घरं लुटली.

युद्धाच्या गोष्टी बहुधा इथं संपतात. हे नाटक इथं सुरू होतं. पुरुष मेलेत आणि शहराबाहेरच्या तंबूंपाशी बायका बसल्या आहेत. कालपर्यंतच्या राण्या, आज लुटीचा माल. कोण कुणाची दासी होणार, याची वाट बघताहेत. म्हातारी हेक्युबा जमिनीवर पडलेली. मला आपलं महाभारतातलं स्त्रीपर्व आठवलं. तिथंही युद्ध संपल्यावर बायका रणांगणावर येतात आणि गांधारी थेट श्रीकृष्णाला जाब विचारते. लढाया पुरुषांच्या, आणि नंतरची आवराआवर बायकांची!

ग्रीकांचा एक निरोप्या येतो. टॅल्थिबियस त्याचं नाव. तो एकेकीचं नशीब वाचून दाखवतो. थोरली सून अँड्रोमाकी (हिचा नवरा हेक्टर युद्धात मेलेला) अकिलीसच्या मुलाच्या वाट्याला. लेक कॅसांड्रा ॲगमेम्नॉनच्या वाट्याला. दुसरी लेक पॉलिक्सेना? ती अकिलीसच्या थडग्याच्या सेवेला, असं तो चाचरत सांगतो. त्याचा खरा अर्थ म्हणजे तिचा बळी दिला गेलाय, हे आईला मागाहून कळतं. आणि खुद्द हेक्युबा ओडिसियसच्या वाट्याला.

या कॅसांड्राची एक गोष्ट ऐकून माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. ती देवीच्या देवळात आसऱ्याला गेलेली असताना एका ग्रीक सरदारानं तिला तिथून फरफटत बाहेर काढलं होतं. नाटकाच्या सुरुवातीला देवी अथीनाच म्हणते, की ग्रीकांनी त्याला शिक्षा तर केली नाहीच, पण चकार शब्दानं कुणी बोललंही नाही. एवढं सैन्य, एवढे राजे, पण दोष द्यायला एकाचीही जीभ उचलली नाही. हे लक्षात ठेवा हं, कारण पुढं दोष देण्याचा नुसता पाऊस पडणार आहे, पण भलतीकडेच.

मग अँड्रोमाकी येते. लुटीच्या सामानाच्या गाडीवर बसलेली, मांडीवर लहानगा मुलगा अस्टियानॅक्स. ती सासूला सांगते, मी चांगली बायको होण्यासाठी काय नाही केलं? बाहेर गेलं की बाईला नावं ठेवतात, म्हणून हौस असूनही घराबाहेर पडले नाही. नको ती बोलणी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. नवऱ्यापुढं तोंड मिटून राहिले. कुठं आपलं म्हणणं चालवायचं आणि कुठं त्याचं चालू द्यायचं हे ओळखलं. आणि झालं काय? माझा हाच लौकिक ग्रीकांच्या छावणीपर्यंत पोचला आणि म्हणूनच अकिलीसच्या मुलानं मला मागून घेतलं. माझ्या चांगुलपणानंच माझा घात केला!

बघा, आपल्याला लहानपणापासून काय सांगतात? नीट वागलीस तर तुला कुणी काही करणार नाही. इथं नीट वागणारी आणि नीट न वागणारी, दोघीही त्याच जहाजांत चढायच्या आहेत.

तेवढ्यात निरोप्या पुन्हा येतो. या खेपेला त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीत. ओडिसियसनं सभेत आग्रह धरलाय, की हेक्टरचा मुलगा मोठा होऊन सूड घेईल, त्याला जिवंत ठेवू नका. पोराला तटावरून खाली फेकायचं ठरलंय. निरोप्या म्हणतो, असले निरोप न्यायला माझ्यापेक्षा निर्दय माणूस हवा. पण नेतो हो, मुलाला नेतो!

आणि अँड्रोमाकी काय म्हणते? ग्रीकांना ती विचारते, या पोरानं तुमचं काय वाकडं केलंय? पण लगेच तिचा सगळा संताप वळतो तो आपल्या जावेवर. हेलनवर. तू देवाची लेक नव्हेस, तू सूडाची, द्वेषाची, खुनाची, मरणाची लेक, तुझा सत्यानाश होवो!

मी म्हटलं, "बरोबरच आहे तिचं! सगळं त्या सटवीमुळेच झालं."

सून नुसती हसली. म्हणाली, "थांबा आई. अजून खटला व्हायचाय."

आणि खरंच खटला उभा राहतो. मेनेलेअस बायकोला न्यायला येतो. तिला मारायचा हक्क सैन्यानं त्याच्या हाती दिलेला आहे. हेलन येते ती नीटनेटकी, नटूनथटून. बाकीच्या बायकांच्या अंगावर चिंध्या आणि ही अशी! ती म्हणते, मारायच्या आधी माझं म्हणणं ऐका. आणि आश्चर्य म्हणजे हेक्युबाच म्हणते, ऐका तिचं, मग मी उत्तर देते. म्हणजे पाहा, आरोपी सून, फिर्यादी सासू आणि न्यायाधीश नवरा!

हेलन म्हणते, पहिला दोष या म्हातारीचा, कारण पॅरिसला जन्म हिनं दिला. त्याच्या जन्माआधी आपण जळतं कोलीत प्रसवतोय असं स्वप्न पडलं होतं, तरी पोराला जिवंत ठेवलं. मग दोष देवीचा. सौंदर्याच्या देवीनं, ॲफ्रोडाइटीनं, पॅरिसला माझं आमिष दाखवलं. तिच्यापुढं देवांचा राजासुद्धा वाकतो, तिथं माझी काय कथा? आणि दोष तुमचाही, कारण परका पाहुणा घरात ठेवून तुम्ही खुशाल क्रीट बेटावर निघून गेलात! खरं तर बाकीच्या देवींनी पॅरिसला ग्रीस जिंकून देऊ केला होता. त्यानं मला निवडलं म्हणून ग्रीस वाचला. माझ्या डोक्यावर मुकुट चढवायचा, तर मलाच बोल लावता! पॅरिस मेल्यावर मी दोर सोडून तटावरून पळायचा प्रयत्न केला. पण त्याचा भाऊ डिफोबस, त्यानं मला जबरदस्तीनं बायको करून ठेवली.

आता हेक्युबा. काय बोलते हो म्हातारी! म्हणते, देवी-बिवी काही नाही. माझा मुलगा देखणा होता, त्याला पाहून तुझं मनच तुझी देवी झालं. स्पार्टातला बेताचा संसार सोडून तुला ट्रॉयचं सोनं हवं होतं. जबरदस्ती म्हणतेस? मग ओरडलीस का? स्पार्टात कुणी ऐकली तुझी हाक? तुझे भाऊ तर जिवंत होते! दोर सोडून पळत होतीस म्हणे. शीलवती बाईनं त्या दोरानं गळफास घेतला असता. जा म्हणून मी किती वेळा सांगितलं, जहाजांपर्यंत पोचवते म्हटलं, तेव्हा का गेली नाहीस? आणि आज या दिवशी एवढी नटून येतेस!

मैत्रिणींनो, खरं सांगते, ऐकताना मी सासूच्या बाजूनं होते. पण 'ओरडलीस का?' या प्रश्नाशी अडखळले. हा प्रश्न ओळखीचा आहे, नाही का? १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात पोलीस ठाण्यात एका कोवळ्या मुलीवर अत्याचार झाला. तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, अशा मुद्द्यांवर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातून दोन्ही पोलीस सुटले. मग ठिकठिकाणच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. म्हणजे हेक्युबाचा प्रश्न इतकी शतकं चालतच आला होता. आणि नाटकात तो एक बाईच दुसऱ्या बाईला विचारते.

मग दोघींपैकी खरं कोण? नाटककार सांगतच नाही. पळायचा प्रयत्न केला म्हणते ती खरी, की जा म्हणून सांगितलं म्हणते ती? साक्षीदार सगळे मेलेत. पण मला एक दिसलं. हेलन सगळ्यांना दोष देते, फक्त स्वतःला सोडून. आणि हेक्युबा सगळा दोष हेलनच्या पदरात टाकते, बाकी सगळ्यांना सोडून. एवढी जहाजं कुणी आणली? पोराला मारायचं कुणी ठरवलं? कॅसांड्राला कुणी ओढलं? त्यांच्यातला कुणीही या खटल्यात आरोपी नाही. उलट त्यांच्यातलाच एक न्यायाधीश होऊन बसलाय! का? तर त्यांच्यापर्यंत या बायकांचा हात पोचत नाही. हेलनपर्यंत पोचतो. जी हाताशी असते तिचीच झिंजी धरली जाते.

निकाल काय लागतो? मेनेलेअस हेक्युबाचं म्हणणं उचलून धरतो. हेलनला देहदंड! पण इथं नाही, ग्रीसला गेल्यावर. हेक्युबा विनवते, हिला तुझ्या जहाजावर घेऊ नकोस. तो थट्टेनं विचारतो, का, हिचं वजन वाढलंय का? तेवढ्यापुरतं तो हो म्हणतो खरा. पण बघणाऱ्यांना होमरच्या 'ओडिसी'मुळे पुढचं ठाऊक होतं. हेलन मरत नाही. स्पार्टाच्या राजवाड्यात नवऱ्याशेजारी बसून पाहुण्यांची सरबराई करते. म्हणजे हेक्युबा खटला जिंकली आणि हाती काहीच लागलं नाही.

शेवटी नातवाचा देह बापाच्या ढालीवर घालून आणतात. निरोप्यानं वाटेतल्या नदीत त्याला स्वतः न्हाऊ घातलंय, आणि खड्डाही तो आपल्या हातांनी खणणार आहे. बिचारा लाजलेला आहे, पण हुकूम मोडायची हिंमत झाली नाही त्याची. आजी नातवाला कवटाळून रडते. तिच्या तोंडी हेलनचं नाव याही वेळी येतंच. पण त्याआधी ती एक खरं बोलते. म्हणते, याच्या थडग्यावर कवीनं काय लिहावं? की या एवढ्याशा पोराला ग्रीक घाबरले आणि त्यांनी त्याला मारलं. आख्ख्या ग्रीसला लाज आणणारी अक्षरं! साऱ्या नाटकात मला हे बोलणं सगळ्यात सरळ वाटलं. इथं दोष जिथला तिथं जाऊन पडला.

आणि हे कुणासमोर चाललं होतं, ठाऊक आहे? नाटक झालं त्याच्या काही महिनेच आधी अथेन्सच्या सैन्यानं मेलॉस नावाचं बेट जिंकून तिथले सारे प्रौढ पुरुष मारले होते आणि बायका-मुलांना गुलाम म्हणून विकलं होतं. त्याच अथेन्सचे नागरिक समोर बसून ट्रॉयच्या बायकांचं रडणं बघत होते!

सून पुस्तक मिटून उठली, चहा टाकायला गेली. आतूनच तिनं विचारलं, "आई, काकू आपल्याकडे कधीच का येत नाहीत हो?"

सवयीनं वाक्य माझ्या ओठांवर आलं, "तिनंच तर घर..." आणि तिथंच जीभ अडली.

आता माझं ऐका. आमचं घर वेगळं झालं १९८६ साली. दोन भाऊ, एक दुकान, एक चूल. एका रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "आपण चूल वेगळी करूया." झालं! सासूबाईंनी ताट सारलं. आत्याबाईंनी चार लोकांत तिला बोल लावला. वाटणी झाली त्या दिवशी ती नवी साडी नेसली होती, हे आम्ही पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिलो. बघा, घर मोडतंय आणि ही कशी नटली होती! हेलनच्या कपड्यांवरून हेक्युबा जे बोलते, तेच की हे.

पण चूल का वेगळी करावी लागली, हे कुणी सांगत नव्हतं. आमचे हे एका मित्राला जामीन राहिले होते. मित्र बुडाला आणि त्याचे हप्ते दोन वर्षं दुकानाच्या गल्ल्यातून जात होते, धाकट्या भावजींना न विचारता. जावेच्या मुलीची फी थकली तेव्हा कुठं त्यांना पत्ता लागला. वाटणीच्या कागदावर सह्या दोन, दोन्ही भावांच्या. बाईची एकही नाही. तरी घर फोडलं कुणी? तर धाकटीनं!

आणि मी? मला जामिनाचं ठाऊक होतं, बरं का. बऱ्याच आधीपासून. मी मनाशी म्हणत असे, मला कोण विचारतंय? बायकांनी पुरुषांच्या व्यवहारात कशाला पडावं? आत्याबाई तिला बोलत होत्या तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. नाही बोलले. उलट पुढं सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणत राहिले, तिनं घर फोडलं. कारण तिच्याकडे बोट असलं की आमच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आता हे जाऊन सहा वर्षं झाली. सगळा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळी होऊ म्हटलं तर तेही खोटंच. मित्रासाठी जीव टाकणारा माणूस, फसला आणि मग सांगायला लाजला. धाकटीनंही भर पंगतीत बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं. पण ज्याच्या त्याच्या हातात काय होतं, तेवढंच त्याच्या पदरात घालावं. ह्यांच्या हातात जामिनाची सही होती. तिच्या हातात एक वाक्य होतं. आणि माझ्याही हातात एक वाक्य होतं. ते मी गिळलं. अबला होते मी त्या घरात, हे खरं आहे. पण त्या दिवशी मी तेवढीही अबला नव्हते.

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि फोन उचलला. जाऊ आता लेकीकडे असते. म्हटलं, "अगं, मला तुला एक सांगायचंय. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. जामिनाचं मला ठाऊक होतं."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, फोन ठेवला. मग ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं."

बस्स, एवढंच. रागावली नाही की रडली नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "गुडघे कसे आहेत आता?" मी म्हटलं, "दुखतात. तू ये ना, दिवाळीला ये." ती "बघू" म्हणाली. येईल की नाही, सांगवत नाही. इतक्या वर्षांचं आढं एका फोननं कसं सुटायचं?

पण सुनेला मी आता उत्तर दिलंय. काकू का येत नाहीत, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या वाट्यासकट. ती ऐकून घेत होती, मधे एकदाही बोलली नाही. नंतर उरलेली मेथी तिनंच निवडली.

तुमच्या घरातही ते वाक्य असेल. 'तिच्यामुळे झालं सगळं.' आपल्याकडे तर सीतेमुळे रामायण आणि द्रौपदीमुळे महाभारत असंही सहज म्हणून टाकतात. पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर आलं, तर क्षणभर थांबा. सही कुणाची होती, हुकूम कुणाचा होता, ते आठवून पाहा. आणि आपण तेव्हा कुठल्या दारात, हातात काय घेऊन उभ्या होतो, तेही.